भोक मोठं झालं? मग ते आणखी मोठं करा

बोल्ट आवळत असताना पान्याला लागणारा जोर अचानक नाहीसा होतो आणि बोल्ट जागच्या जागी फिरायला लागतो. बाहेर काढून पाहावा तर त्याच्या आट्यांमध्ये ॲल्युमिनियमची चकचकीत तार अडकलेली दिसते. ती तार म्हणजेच भोकातले आटे. आत उरलेलं भोक गुळगुळीत असतं आणि बोल्टला ढिलं होतं.

अशा वेळी बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येतं ते भोक लहान करणं. आत काहीतरी भरावं, पत्र्याची पट्टी घालावी, नाहीतर बोल्टला टेप गुंडाळावी. धातूच्या कामात उपाय मात्र बहुधा उलट दिशेने जातो. भोक आणखी मोठं करायचं, त्याला नवे स्वच्छ आटे पाडायचे आणि त्यात बाहेरून मोठी, आतून मूळ मापाची अशी एक वस्तू कायमची बसवायची. असं नीट केलेलं काम मूळ भोकापेक्षा जास्त ताकदीचं होऊ शकतं. यावर विश्वास बसायचा तर आटे नेमकं काय काम करतात ते आधी पाहायला हवं.

आट्यांवर किती भार येतो

आटा म्हणजे गोल दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. बोल्ट फिरवला की तो या उतारावरून आत सरकतो, डोकं वरच्या भागावर टेकतं आणि त्यानंतरही फिरवत राहिलं की दांडी ताणली जाते. ताणलेली दांडी पुन्हा आखडू पाहते, त्यामुळे दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. जोड घट्ट राहतो तो या ताणामुळे.

एम ८ मापाचा, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाचा, ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीची खूण) नेहमीचा बोल्ट घ्या. त्याला साधारण २५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दिला की दांडीत सुमारे १६ हजार न्यूटनचा ताण तयार होतो. सोळाशे किलो वजन त्या एका बोल्टला टांगल्यासारखंच हे झालं. हा सगळा ताण भोकातल्या आट्यांनी पेलायचा असतो, आणि त्या आट्याची उंची भरते जेमतेम ०.६८ मिलिमीटर.

त्यातही भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. भोकाच्या तोंडाजवळचा पहिला आटा एकूण भाराच्या जवळपास एक तृतीयांश भार घेतो, दुसरा त्याहून कमी, तिसरा आणखी कमी. म्हणून आटे जाताना पहिले आटे आधी जातात, त्यांचा भार पुढच्यांवर पडतो, मग तेही जातात. पान्याला 'एकदम सुटलं' असं जे जाणवतं ते याचमुळे.

आता आटे तुटतात कुठे ते पाहू. पोलादाचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं भोक असेल तर मऊ धातू हार मानतो, आणि तो कापला जातो बोल्टच्या बाहेरच्या व्यासावर. म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाचा एक दंडगोल आतल्या आतच कापून निघतो. आट्यांची ताकद या दंडगोलाच्या पृष्ठभागावर अवलंबून असते, म्हणजे परीघ गुणिले खोली. एम ८ चा परीघ साधारण २५ मिलिमीटर. हाच व्यास ९.६ केला तर परीघ होतो ३० मिलिमीटर. खोली तेवढीच ठेवूनही कापायला लागणारा धातू वीस टक्क्यांनी वाढला. भोक मोठं करण्यामागचं सगळं गणित एवढंच आहे. विमानांच्या ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या भागांत तर आटे जायची वाट न पाहता सुरुवातीपासूनच असे जोड-आटे बसवलेले असतात.

आधी माप घ्या

'भोक मोठं झालं' या तक्रारीमागे तीन-चार वेगवेगळे प्रकार असतात आणि प्रत्येकाचं औषध निराळं. त्यामुळे हत्याराला हात लावण्याआधी व्हर्नियर कॅलिपर काढावा आणि भोक दोन दिशांनी मापावं, एकदा आडवं आणि एकदा उभं. दोन मापांत फरक आला तर भोक लंबगोल झालं आहे. व्हर्नियरचे टोकदार जबडे लहान भोकात नीट टेकत नाहीत. तिथे ड्रिलच्या गुळगुळीत दांड्या वापराव्यात: ७ ची जाते, ७.२ ची जात नाही, म्हणजे उत्तर मिळालं.

पहिला प्रकार सगळ्यात सोपा आणि तोच सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटतो. वरचे काही आटे गेलेले असतात, पण तळाचे शाबूत असतात, कारण मूळ बोल्ट तिथपर्यंत पोचतच नव्हता. भोकाची खोली मोजा, जुन्या बोल्टचे किती आटे आत जात होते ते मोजा. खाली जागा असेल तर त्या मापाचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, हाताने हळूच फिरवून तळाचे आटे साफ करायचे आणि लांब बोल्ट लावायचा. मऊ धातूत बोल्ट व्यासाच्या दीडपट ते दुप्पट आत गेलेला असावा. पोलादात एकपट पुरते. लांब बोल्ट तळाला टेकत नाही ना, एवढं मात्र नक्की पाहा. टेकला तर पाना घट्ट लागतो, आपल्याला वाटतं जोड आवळला, आणि वरचे दोन भाग सैलच राहतात.

दुसरा प्रकार म्हणजे आटे पाडण्याआधीच चुकीचं ड्रिल लागलेलं असतं. एम ८ × १.२५ साठी ६.८ चं ड्रिल लागतं. यातला १.२५ हा पीच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं मिलिमीटरमधलं अंतर. आटा पूर्ण उंचीचा असता तर भोक आणि बोल्ट यांच्या व्यासात पीचच्या १.३ पट, म्हणजे १.६२ मिलिमीटर फरक लागला असता. ६.८ च्या भोकात हा फरक १.२ आहे, म्हणजे आटा ७४ टक्के उंचीचा पडतो. ड्रिल ७ चं लागलं तर आटा ६२ टक्के, ७.२ चं लागलं तर ४९ टक्के आणि ७.५ चं लागलं तर ३१ टक्के. यातली मनाला धीर देणारी गोष्ट अशी की ६० टक्क्यांच्या पुढे आट्याची उंची वाढवून ताकद फारशी वाढत नाही, टॅप फिरवायला लागणारा जोर मात्र खूप वाढतो. त्यामुळे पोलादात, पुरेशी खोली असताना, ७ च्या भोकात बिनधास्त टॅप मारावा. ७.२ वर भार हलका असेल तरच. ७.५ चं भोक असेल तर त्याला आटे पडल्यासारखे दिसतील, हाताने बोल्टही बसेल, आणि आवळताना सगळं निघून येईल.

तिसरा प्रकार चुकीच्या बोल्टचा. अडीच सुती बोल्ट म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिलिमीटर. एम ८ च्या शेजारी ठेवला तर डोळ्यांना फरक कळत नाही. पण त्याला इंचाला १८ आटे असतात, म्हणजे पीच १.४१ मिलिमीटर, आणि एम ८ चा पीच १.२५. पहिले दोन-तीन आटे तो हाताने जातो, मग अडखळतो, आणि कोणीतरी पाना लावून तो 'बसवतो'. जुन्या यंत्रांची भानगड याहून पुढची आहे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी मांडलेल्या आट्याचा कोन ५५ अंश होता, तर आजच्या मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश आहे. त्यामुळे व्यास जुळला तरी पीच गेजने आट्यांचं माप पाहिल्याशिवाय बोल्ट बदलू नये. आणि आटे का गेले हे न शोधता दुरुस्ती केली तर नव्या आट्यांचीही तीच गत होते.

तारेची कॉइल: सगळ्यात जास्त कामाला येणारा उपाय

हेलिकॉइल या नावाने ओळखली जाणारी वस्तू म्हणजे स्टेनलेस पोलादाच्या तारेची गुंडाळी. तारेचा छेद गोल नसून हिऱ्याच्या आकाराचा, म्हणजे चौकटीतल्या पत्त्यावरच्या खुणेसारखा असतो. गुंडाळी झाली की बाहेरच्या कडा एक आटा बनतात आणि आतल्या कडा दुसरा. बाहेरचा आटा भोकात बसतो, आतल्यात बोल्ट. ही तार ओढताना इतकी कठीण होते की तिची ताकद सुमारे १४०० मेगापास्कलपर्यंत जाते, साध्या ८.८ ग्रेडच्या बोल्टपेक्षा कितीतरी जास्त.

कॉइल मोकळी असताना भोकापेक्षा किंचित मोठी असते. बसवताना ती आवळली जाते आणि सोडल्यावर बाहेर फुगून भोकाच्या आट्यांना घट्ट धरते. म्हणून तिला गोंद किंवा वेल्डिंग लागत नाही. तार थोडी लवचीक असल्यामुळे भारही पहिल्या आट्यावरच न साचता पुढच्या आट्यांत बराच वाटला जातो.

एम ८ च्या कॉइलसाठी भोक ८.३ मिलिमीटरचं करायचं. एम ६ साठी साधारण ६.३, एम १० साठी १०.४. मग लागतो खास टॅप. एम ८ साठीच्या या टॅपचा बाहेरचा व्यास सुमारे ९.६ आणि पीच तोच १.२५. एम १० चा नेहमीचा टॅप इथे चालत नाही, त्याचा व्यासही वेगळा आणि पीचही वेगळा. कॉइल, ड्रिल, टॅप आणि बसवायचं हत्यार एकत्र येणारा संच घेतला तर ही गडबड होत नाही. कॉइलची लांबी व्यासाच्या एकपट, दीडपट, दुप्पट अशा पटींत मिळते. ॲल्युमिनियममध्ये मी दीडपटीच्या खाली जायचा सल्ला देणार नाही.

खरी कसोटी लागते भोक सरळ मारण्यात. जुन्या भोकात मोठं ड्रिल घातलं की ते जुन्या भोकाच्या मागे जातं, आणि ॲल्युमिनियममध्ये तर ते धातू पकडून स्वतःच आत ओढलं जातं. हातातल्या ड्रिल मशीनने हे काम करता येतं, पण पिलर ड्रिल, म्हणजे खांबावर बसवलेलं उभं ड्रिल मशीन, असेल तर तेच वापरावं. चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, आधी ड्रिल लावूच नका. जुन्या भोकात अलगद जाईल अशी सरळ दांडी चकमध्ये पकडा, ती खाली आणून भोकात घाला, आणि दांडी कुठेही न घासता आत-बाहेर होते आहे असं दिसलं की मगच काम टेबलाला क्लॅम्पने आवळा. आता दांडी काढून ड्रिल लावा. काम हलवायचं नाही. ड्रिल मारून झालं की त्याच जागी चकमध्ये टॅप पकडा, मशीनचा प्लग काढून ठेवा आणि चक हाताने फिरवत पहिले तीन-चार आटे पाडा. एवढे आटे सरळ पडले की पुढचे वाकडे जात नाहीत. मग टॅप हँडल लावून बाकीचं काम हाताने करता येतं.

टॅप अर्धा फेरा पुढे, मग पाव फेरा मागे. मागे फिरवताना बारीक 'कट्' असा धक्का हाताला लागतो, तो चुरा तुटल्याचा. तो लागला नाही तर चुरा खाचेत साठतो आहे असं समजून टॅप पूर्ण बाहेर काढून पुसावा. ॲल्युमिनियमला रॉकेल चांगलं, पोलादाला कटिंग ऑइल, आणि बीडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, कोरडंच. बंद तळाचं भोक असेल तर शेवटी सगळा चुरा आणि तेल पूर्ण काढायचं. तेल तळाशी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर त्याला निघायला वाट नसते. दाबाने कास्टिंगला तडा जाऊ शकतो.

भोकाच्या तोंडाला अगदी हलकं काउंटरसिंक करा, म्हणजे त्याची कड उतरती करा, म्हणजे पहिला आटा वर उचलला जाणार नाही. मग कॉइल हत्यारावर चढवा. तिच्या खालच्या टोकाला आडवी वळवलेली एक शेपटी असते, हत्यार त्या शेपटीला पकडून कॉइल आत ओढतं. इथे एकच गोष्ट सांभाळायची: हत्यार नुसतं फिरवायचं, खाली दाबायचं नाही. दाबलं की कॉइल एखादा आटा सोडून पुढच्यात उतरते, आणि मग बोल्ट मध्येच अडकतो. कॉइलचं वरचं टोक पृष्ठभागाच्या साधारण एक पीच खाली गेलं की थांबा. ते वर राहिलं तर वरचा भाग त्यावर टेकतो आणि जोड कधीच नीट बसत नाही. शेवटी शेपटीवर पंच ठेवून एक छोटा, झटक्याचा ठोका द्यायचा. शेपटीला तिथे आधीच खाच दिलेली असते, ती तुटून पडते. तुटलेला तुकडा बाहेर काढलाच पाहिजे. तार स्टेनलेस असल्याने चुंबकाला ती नीट चिकटेलच असं नाही, म्हणून लांब टोकाची पकड किंवा ग्रीस लावलेली काडी हाताशी असू द्या. शेपटी नसलेल्या कॉइलही मिळतात, त्यांचं हत्यार वेगळं.

स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्या कॉइलमध्ये कोरडा आवळला तर दोघे एकमेकांना चिकटून बसतात आणि काढताना कॉइलही बोल्टसोबत बाहेर येते. अशा ठिकाणी बोल्टला अँटी-सीझ ग्रीस लावावं, आणि ग्रीस लावल्यावर टॉर्क थोडा कमी द्यावा, कारण घर्षण घटलं की तेवढ्याच टॉर्कला ताण जास्त येतो.

कॉइलला जागा उरली नसेल तर

समजा एम ८ चं भोक झिजून ९ मिलिमीटरचं झालं आहे. कॉइलच्या टॅपचा व्यास ९.६. म्हणजे वरच्या हिशेबाने आटा पडणार फक्त ३८ टक्के. इथे कॉइल बसेलही, पण बोल्ट काढताना ती बाहेर निघून येईल. आता लागतो भरीव बुश, म्हणजे बाहेरून आणि आतून आटे असलेली जाड नळी.

तयार बुश अनेक प्रकारचे मिळतात. टाइमसर्ट प्रकारच्या बुशला वर छोटी कॉलर असते, त्यामुळे तो ठरावीक खोलीच्या खाली जाऊच शकत नाही. त्याचे खालचे आतले आटे मुद्दाम अर्धवट ठेवलेले असतात. तेल लावलेलं हत्यार त्यातून फिरवलं की ते आटे दाबून पूर्ण होतात आणि बुशचा खालचा भाग बाहेर फुगून भोकात घट्ट रुततो. दुसऱ्या एका प्रकारात बुशच्या कडेला उभ्या पाचरी असतात. बुश बसला की त्या हातोडीने खाली ठोकायच्या, मग तो फिरत नाही. वारंवार उघडझाप होणाऱ्या जोडासाठी, धक्के आणि थरथर सोसणाऱ्या जागेसाठी मला कॉइलपेक्षा बुशच जास्त भरवशाचा वाटतो.

लेथ हाताशी असेल तर बुश घरीही करता येतो. बाहेर एम १२ × १.२५ आणि आत एम ८, भोकासाठी ड्रिल १०.८ चं. अशा बुशची भिंत बाहेरच्या आट्याच्या तळापासून आतल्या आट्याच्या तळापर्यंत सव्वा मिलिमीटरच्या आसपास उरते, ती पुरते. बाहेर एम १० × १ घेतलं तर ९ चं भोक त्याला तसंच्या तसं चालेल हे खरं, कारण एम १० × १ चं ड्रिलच ९ चं. पण मग भिंत अर्धा मिलिमीटरही उरत नाही आणि बुश फाटतो. तो मोह टाळावा. बुश साध्या पोलादाचा करावा. बाहेरून आटे सॉल्व्हंटने धुऊन हवेविना घट्ट होणारं रिटेनिंग द्रव्य लावावं. आणि बुश फिरण्याची भीती असेल तर बुश आणि मूळ धातू यांच्या सांध्यावर, अर्धं यात अर्धं त्यात, असं बारीक भोक मारून त्यात पिन ठोकावी.

मात्र मोठा बुश म्हणजे आजूबाजूचा धातू कमी. भोक भागाच्या काठाजवळ असेल, पलीकडे पाण्याची किंवा तेलाची वाट असेल, तर आधी भिंत किती उरते ते मोजा. ती पातळ राहत असेल तर बुशचा विचार सोडून द्यावा.

कधी कधी काहीच आत न बसवता थेट मोठा बोल्टही लावता येतो. एम ८ चं एम १० करायचं, वरच्या भागातलं भोकही ९ वरून ११ करायचं. वरच्या भागात तेवढी जागा नसेल तर खाली एम १० आणि वर एम ८ असे आटे असलेला पायरीचा स्टड, म्हणजे डोकं नसलेली आट्यांची दांडी, करून घेता येतो. लेथवर हे काम चटकन होतं, आणि वरून पाहणाऱ्याला दुरुस्ती कळतही नाही.

भोक मुळात चुकीच्या जागी पडलं असेल तर कॉइल आणि बुश दोन्ही निरुपयोगी, कारण त्यांचा मध्य जुन्याच भोकाचा. तिथे भोकाला मोठे आटे पाडून त्यात त्याच धातूचा भरीव प्लग रिटेनिंग द्रव्य लावून बसवायचा, वरून सपाट करायचा आणि योग्य जागी नवं भोक मारायचं. प्लग त्याच धातूचा हवा म्हणतात ते ड्रिलसाठी. अर्धं भोक पोलादात आणि अर्धं ॲल्युमिनियममध्ये येत असेल तर ड्रिल नेहमी मऊ बाजूला सरकतं.

वेल्डिंगने भोक भरणं हा शेवटचा पर्याय. साध्या पोलादात ते ठीक. उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेलं ॲल्युमिनियम वेल्डच्या आसपास मऊ पडतं, वर्षानुवर्षं तेल प्यायलेल्या कास्टिंगमध्ये वेल्डला बुडबुडे येतात, आणि बीड तर आधी तापवून, निकेलच्या रॉडने, सावकाश थंड करत केलं नाही तर तडकतं. शिवाय भाग वाकतो, आणि ज्या पृष्ठभागावर गॅस्केट बसते तो पुन्हा सपाट करून घ्यावा लागतो.

आणि मागच्या बाजूला हात पोचत असेल तर यातलं काहीही करू नका. भोक आरपार करून लांब बोल्ट आणि मागे नट लावा. सगळ्यात पक्का, सगळ्यात सोपा. पातळ पत्र्यात तर आटे पाडायला जाडीच नसते, तिथे रिव्हेट नट किंवा वेल्ड नट हेच बरोबर.

एपॉक्सी, पट्टी आणि टेप

धातूची पूड मिसळलेल्या एपॉक्सीने आटे तयार करता येतात. बोल्टला न चिकटण्यासाठीचं द्रव्य लावायचं, भोकात एपॉक्सी भरायचं, बोल्ट त्यात फिरवून ठेवायचा आणि पक्कं झाल्यावर काढायचा. झाकणाचे, पाटीचे, कव्हरचे स्क्रू यात चांगले राहतात. पण १६ हजार न्यूटनचा आकडा आठवा. तो ताण ही राळ पेलत नाही, आणि उष्णता वाढली की ती आणखी मऊ होते. आट्यांत तांब्याची तार किंवा पत्र्याची पट्टी घालणं म्हणजे बोल्ट नुसता अडकवणं. बोल्ट फिरायचा थांबतो, ताण येत नाही, आणि ताण नसलेला जोड थरथरीने सुटतो. प्लंबिंगची पांढरी टेप गळती थांबवायला असते, भार घ्यायला नसते.

स्पार्क प्लगच्या भोकाबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याचे आटे बऱ्याच ठिकाणी एम १४ × १.२५ असतात आणि भोकाच्या खाली सरळ सिलिंडर असतो. टॅपच्या खाचांत भरपूर ग्रीस भरायचं म्हणजे चुरा त्यात अडकतो, दर दोन-तीन फेऱ्यांनी टॅप काढून पुसायचा. इथे शेपटीची कॉइल मी वापरणार नाही, तुटलेली शेपटी सिलिंडरमध्ये पडली तर इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचा भाग, उघडावं लागतं. कॉलरचा बुश घ्यावा, आणि बुशची उंची अशी असावी की प्लग मूळ खोलीलाच बसेल. खोल गेला तर पिस्टनला लागू शकतो, वर राहिला तर ठिणगी चुकीच्या जागी पडते आणि उघडे राहिलेले आटे तापून लाल होतात.

ब्रेक कॅलिपर, स्टीअरिंग, वजन उचलायचे हुक, दाबाच्या टाक्या आणि गॅसच्या जोडण्या यांचे आटे गेले तर भाग बदलावा, किंवा बनवणाऱ्याने त्या जागेसाठी मान्य केलेल्या पद्धतीनेच दुरुस्त करून घ्यावा. तिथे 'बसतंय की' या अंदाजाला जागा नाही.

दुरुस्ती झाली की बोल्ट आधी हाताने पूर्ण आत जातो का ते पाहा, मध्येच अडत असेल तर पाना लावू नका. मग टॉर्क रेंचने तीन टप्प्यांत आवळा: आधी निम्मा, मग तीन चतुर्थांश, मग पूर्ण. पूर्ण टॉर्कला क्लिक आल्यावर बोल्ट काढा आणि कॉइल किंवा बुश जागेवरून वर-खाली झाला आहे का ते टॉर्चने बघा. झाला नसेल तर पुन्हा आवळून डोक्यावर आणि शेजारी रंगाची एक रेघ ओढा. थोडे दिवस वापरल्यावर रेघ तुटलेली दिसली नाही तर काम पक्कं. आणि त्या भागाच्या नोंदीत, नाहीतर भागावरच कोपऱ्यात, आत काय बसवलं आहे आणि त्याचं बाहेरचं माप काय ते लिहून ठेवा: 'कॉइल, एम ८ × १.२५, १२ लांब' किंवा 'बुश, बाहेर एम १२ × १.२५'. पुढे ज्याला हा बोल्ट उघडावा लागेल, त्याला ड्रिल उचलण्याआधी हेच लागणार आहे.